मंद यंत्राची जबानी
लेखांक सातवा

जुन्या दप्तराची नक्कल सुरक्षित ठेवून संगणकावर नवी कार्यप्रणाली कशी बसवावी, याचे विवेचन गेल्या दोन लेखांकांत झाले. ती यथासांग बसते, पडदा उजळतो, सारे काही नवे आणि नीटनेटके दिसते, आणि तरीही साधे पत्र उघडावयास पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, अशी जी तक्रार आज घरांतून, दुकानांतून आणि शाळांच्या कचेऱ्यांतून ऐकू येते, ती या लेखांकाचा विषय आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली, आणि ज्यांची यंत्रे पात्र ठरली अशा असंख्य लोकांना विंडोज ११ कडे वळणे भाग पडले. या पात्र यंत्रांत २०१८-१९ च्या सुमारास घेतलेले पुष्कळ लॅपटॉप असे आहेत की ज्यांचा प्रोसेसर नव्या प्रणालीच्या कसोटीस उतरतो, ४ जीबी रॅमची किमान अटही कागदोपत्री पुरी होते, परंतु साठवणीसाठी आत असते ती फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. असेच एक यंत्र आपण तपासावयास घेऊ.

पहिली सूचना धीराची आहे. काम पूर्ण झाल्याची ग्वाही पडद्याने दिली तरी आतला कारभार त्यानंतरही बराच काळ चालू असतो. शोध झटपट लागावा म्हणून सर्व फाइलींची सूची नव्याने तयार होत असते, डिफेंडर प्रत्येक फाइलीची झडती घेत असतो, राहिलेले अपडेट उतरत असतात, आणि वनड्राइव्ह चालू असल्यास त्याची देवाणघेवाण निराळीच. म्हणून एक-दोन दिवस यंत्राला चार्जर लावून, आपोआप झोपी जाण्याची मुदत वाढवून, रात्री ते चालू ठेवावे, कारण बॅटरीवर असताना सूचीचे काम प्रणाली स्वतःच आखडते घेते. त्यानंतर एकवार ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ने हे काम पुरे होत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असल्यास प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढल्या वेळी तोच परत उचलला जातो. जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात १० दिवस राखून ठेवलेली असते. माघारी जाण्याचा मार्ग तोच असल्याने, जागा अडते म्हणून त्या मुदतीत तो फोल्डर घाईने पुसू नये.

एवढे करूनही मंदपणा टिकला, तर मात्र तपासास लागावे. आणि तपासाचा पहिला नियम असा की, यंत्राची जबानी घेतल्यावाचून कोणताही इलाज करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क यांपैकी कोणावर किती भार आहे हे क्षणोक्षणी दिसते. यंत्र ज्या कामात अडखळते ते काम मुद्दाम सुरू करावे, आणि कोणता आकडा वर चढून तेथेच खिळून राहतो ते पाहावे.

आपल्या नमुन्याच्या यंत्रात बहुधा डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर गेलेला दिसेल, आणि नवल असे की त्याच पानावर वाचन-लेखनाचा वेग पाहू जाता तो सेकंदाला एक एमबीसुद्धा नसेल. पुष्कळांचा येथे गोंधळ होतो. हे १०० टक्के डिस्क किती वेळ गुंतलेली होती याचे माप आहे. तिने किती काम उरकले याच्याशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉपमधील सर्वसाधारण तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, आणि शीर्ष इष्ट वर्तुळावर सरकावयास आणखी सुमारे १२ मिलिसेकंद, असा हिशेब केला तर विखुरलेल्या ठिकाणचे तुकडे वाचताना ही डिस्क सेकंदाला पन्नास-साठांपलीकडे जात नाही. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला, तर सेकंदाची मिळकत पाव एमबीच्या आतच राहते. पेशवे दप्तरातील कारकुनास एक आखा रुमाल मागितला तर तो तत्काळ आणून देईल, परंतु शंभर रुमालांतून एकेक कागद मागितला तर त्याचा सारा दिवस चालण्यातच जाईल, तशी ही गत आहे. नव्या प्रणालीची पार्श्वभूमीवरील कामे नेमकी अशाच विखुरलेल्या, बारीक वाचनाची असतात. उलट एसएसडीत फिरणारा एकही भाग नसल्यामुळे ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी सहज पुरविते. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, आणि केवळ डिस्क बदलताच यंत्राचा पालट होतो, याचे कारण हे आहे.

तथापि डिस्क दिवसभर राबताना दिसली म्हणून तिलाच दोषी ठरविण्यापूर्वी रॅमचे पान पाहिलेच पाहिजे. रॅम अपुरी पडली की प्रणाली तिच्यातील तूर्त नको असलेला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडताच परत आणते. ही युक्ती १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकापासून चालत आली आहे. युक्ती उपकारक खरी, परंतु मागणी हाताबाहेर गेली की यंत्राचा सारा वेळ या ने-आणीतच खर्च होतो आणि मूळ काम जागच्या जागी राहते. पीटर डेनिंग या अमेरिकी संशोधकाने १९६८ साली या अवस्थेची कारणमीमांसा केली, आणि आजच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की तीच अवस्था डोळ्यांदेखत घडते. रॅमचा वापर सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर डिस्कची धडपड हे लक्षण आणि रॅमची टंचाई हे मूळ, असे खुशाल समजावे.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवावीशी वाटते. १९९५ च्या विंडोज ९५ ची किमान अट ४ एमबी रॅमची होती. २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबीची आहे, म्हणजे सव्वीस वर्षांत १,०२४ पट. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस वर्थ यांनी १९९५ सालीच, यंत्रे जितक्या त्वरेने वेगवान होतात त्याहून अधिक त्वरेने प्रणाली जड होत चालल्या आहेत, असा इशारा देऊन सडपातळ प्रणालींचा आग्रह धरला होता. सुरक्षितता आणि सर्व लिपींची सोय यांसाठी काही वाढ अपरिहार्य होती हे मान्य करूनही, या वाढीचा फार मोठा भाग निर्मात्यांच्या बेपर्वाईचा आहे, आणि त्याचा भुर्दंड सुस्थितीतील यंत्र मोडीत काढणाऱ्या सामान्य माणसावर पडतो, असे माझे ठाम मत आहे.

डिस्कसंबंधी आणखी एक शक्यता ध्यानात ठेवली पाहिजे, आणि ती गंभीर आहे. तबकडीचे काही भाग झिजून दुबळे झालेले असतात, आणि वर्षानुवर्षे तेथील फाइलींना कोणी हात लावलेला नसतो. प्रणाली बदलताना डिस्कचा बराच भाग चाळला जातो, आणि हा दोष प्रथमच उघडकीस येतो. यंत्र मधूनच काही सेकंद पूर्ण गोठत असेल, डिस्कमधून टकटक येत असेल, किंवा तिच्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ नोंदींत निकामी भागांची संख्या वाढत असेल, तर मंदपणाचा विचार बाजूस ठेवून आधी फोटो, हिशेब आणि दस्तऐवज दुसरीकडे हलवावेत.

उरलेली कारणे थोडक्यात. पडदा वरखाली सरकविताना धक्के बसत असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेचे नाव पाहावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे असल्यास खरा ड्रायव्हर बसलेला नाही, आणि तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्रोसेसरवर भार असूनही त्याचा वेग मूळ वेगाच्या पुष्कळ खाली अडकला असेल, तर वीजबचतीची सोय, बेताचा चार्जर किंवा धुळीने तुंबलेला पंखा यांवर संशय घ्यावा. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात पंखा साफ असूनही हे घडू शकते. जुन्या प्रणालीबरोबर आलेला दुसरा विषाणुरोधक आणि यंत्राबरोबरच सुरू होणारी अनावश्यक सॉफ्टवेअरे काढून टाकावीत. एका वेळी एकच फेरफार करावा, एरवी गुण कशाने आला ते कळत नाही.

यंत्र ‘स्वच्छ’ आणि ‘चपळ’ करण्याचे आश्वासन देणारी जी सॉफ्टवेअरे जाहिरातींतून पुढे येतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. रजिस्ट्रीतील नोंदी पुसण्याने वेग वाढत नाही, आणि एखादी आवश्यक नोंद गेली तर प्रणाली पुन्हा बसवावी लागते. अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे. आपल्या नमुन्याच्या यंत्राला दोनच खरे इलाज आहेत: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, आणि शक्य असेल तर ८ जीबी रॅम. रॅम मदरबोर्डावर जोडून टाकलेली असून रिकामी खाचही नसेल, तर दुसरा इलाज खुंटतो. अशा यंत्रांसाठी हलक्या लिनक्स प्रणालींचा विचार पुढील लेखांकात करू.

तोपर्यंत वाचकांना एवढीच विनंती की, दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी यंत्र अडखळत असताना दिसलेले प्रोसेसरचे, रॅमचे आणि डिस्कचे आकडे कागदावर टिपून घ्यावेत, आणि कोणताही खर्च मान्य करण्याआधी तो कागद दुरुस्तीकारापुढे ठेवून, यांपैकी कोणता आकडा या खर्चाने खाली येणार आहे, असे त्याला विचारावे.