लग्नाचा भात आणि गावची डीपी

लग्नघरी पाचशे पानांचा भात घरच्या हिशोबाने शिजत नाही. पातेल्याचे माप टोपाला लावले तर तळ करपतो आणि वर कणी राहते. म्हणून मुरबाडकडचा जाणता आचारी पाणी आटत आले की खालची लाकडे ओढून घेतो आणि झाकणावर निखारे पसरतो. वाटीभर जमलेली गोष्ट टोपभर कशी जमवायची, हाच केमिकल इंजिनिअरिंगचा गाभा आहे.

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघर ऑप्शन फॉर्म उघडून बसतात. इलेक्ट्रिकल की केमिकल? ‘स्कोप कशाला?’ हा पहिला प्रश्न. माझ्या मते तो शेवटचा असावा. कोणत्या प्रकारची अडचण डोक्यात घोळवायला आवडते, हे आधी मुलांना विचारा.

इलेक्ट्रिकलची अडचण तत्क्षणी उभी राहते. पावसात डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ फ्यूज उडतो, घरातले दिवे डिम होतात आणि ओढ्यावरची थ्री फेज मोटर नुसती घरघरत राहते. उरलेल्या वाइंडिंगवर भार येतो, वार्निश जळाल्याचा वास सुटतो आणि लाइनमन येईपर्यंत मोटर गेलेली असते. तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही. देशभर जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर ५० हर्ट्झचा ताल बिघडतो.

मग जास्तीची वीज ठेवायची कुठे? उत्तर आपल्या शहापूर तालुक्यात आहे. घाटघर उदंचन प्रकल्पाचे वरचे धरण अकोले तालुक्यात घाटघरला आणि खालचे चोंढ्याला. मागणी कमी असते तेव्हा चोंढ्याचे पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. यंत्रे तीच, उलटी फिरतात. क्षमता २५० मेगावॉट. अशा प्रकल्पात चढवायला चार युनिट लागली तर परत साधारण तीन मिळतात. तरीही ते परवडते, कारण ती हव्या त्या वेळी मिळतात. वीज दुरून आणण्याचे उदाहरणही जवळच आहे: शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघ्याला चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरच्या लाइनने डीसी वीज येते आणि तिथे तिची एसी होते. इतक्या लांबच्या वाटेवर डीसीत गळती कमी होते. हे सगळे कागदावर मांडायला गणित पक्के लागते. बारावीत ‘यांचा उपयोग काय’ म्हणून वैतागलो होतो ते कॉम्प्लेक्स नंबर इथे रोज लागतात.

केमिकलबद्दल मोठा गैरसमज हा की ते म्हणजे केमिस्ट्रीच. केमिस्ट्री असते, पण त्याहून जास्त गणित आणि फिजिक्स असते: किती आत गेले, किती बाहेर आले, किती आत साठले आणि उष्णता कुठे गेली. चुनकळीचा खडा वाटीतल्या पाण्यात टाका, वाटी गरम होते, एवढेच. पिंपभर चुना एकदम भिजवा, पाणी उकळून अंगावर उडते. भांडे लांबी-रुंदी-उंचीने दहापट केले तर आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. काचेच्या चंबूत शांत असलेली क्रिया कारखान्याच्या रिॲक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते ती यामुळे. इथे संकट पुष्कळदा मुकाट्याने साचत येते.

डोंबिवली एमआयडीसीतले २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आपल्या भागाने जवळून पाहिले. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर ‘केमिकल नको रे बाबा’ म्हणणाऱ्या आईबापांची भीती मला समजते. पण औषध, खत, रंग, पाण्याचे शुद्धीकरण यांवाचून आपले चालणार नाही, आणि तापमानाचा काटा चढताना पाहून वेळीच फीड बंद करणारा जाणकार माणूस कारखान्यात हवाच. हे शिक्षण त्यासाठीच आहे. मुलींना ‘कारखान्यात कशी जाणार’ म्हणून अडवणे तर मला मुळीच पटत नाही.

कारखान्यात या दोन शाखांची गाठ पडतेच. ज्वलनशील वाफ असलेल्या जागी साधी मोटर चालत नाही, फ्लेमप्रूफ लागते. वाफ कुठे साचेल हे केमिकलवाला सांगतो, मोटर इलेक्ट्रिकलवाला निवडतो.

फॉर्म भरण्याआधी मुलांना एक दिवस माटुंग्याला न्या. मुरबाडहून एसटीने कल्याण, पुढे लोकल. १९३३ साली सुरू झालेली यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, ही केमिकलची संस्था तिथे आहे. याच संस्थेत मन मोहन शर्मांनी शिकवले आणि गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर घडले. चालत जाण्याच्या अंतरावर व्हीजेटीआय आहे, १८८७ ची. तिथे इलेक्ट्रिकल शिकवतात. दोन्ही फाटकांपाशी पोरे चहाला उभी असतात. त्यांना विचारा, काल रात्री जागून कोणते गणित सोडवत होतात?