एमएसडब्ल्यू : दोन दिवस गावात, बाकीचे वर्गात

अण्णा हजारे सातवीपर्यंत शिकले, लष्करात ट्रक चालवला आणि राळेगणला परतले. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. आहेत. 1970मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा करणारे रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य. अहिल्यानगर जिल्ह्याचं नाव ज्यांनी देशभर नेलं, त्यांपैकी एकाचीही ओळख समाजकार्याच्या पदवीची नाही. मग मुलाला एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, घालायचं कशाला, असं एखाद्या वडिलांनी विचारलं तर ते चुकलं कुठे?

उत्तर आरोळ्यांच्याच कामात आहे. गावोगावच्या, बहुतांश अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांकडे तळमळ आणि गावची नाडी दोन्ही होत्या. भर पडली ती सततच्या प्रशिक्षणाची. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला नेमकं हेच द्यायचं असतं. तो ते प्रत्येक ठिकाणी देतोच असं मात्र नाही.

देशातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था 1936मध्ये मुंबईत निघाली. सर दोराबजी टाटांच्या नावाची ही शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे, आणि त्या मिशनचं जुनं ठाणं नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. पुढे 1955मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि 1963मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. नगरमध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. त्याच शिक्षणसंस्थेत डॉ. एस. के. हुलबे यांच्या पुढाकारातून ग्रामीण विकास अभ्यास केंद्र उभं राहिलं. ‘सीएसआरडी’ म्हटलं की रिक्षावालाही पत्ता सांगतो. इथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एमएसडब्ल्यू पदवी मिळते.

ही पदवी दोन वर्षांची, चार सत्रांची. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती खुली असते. बीएसडब्ल्यू केलेलं असावंच असं नाही. मुख्य भाग फील्डवर्कचा. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी संस्थेत, वस्तीत किंवा गावात काढतो, अहवाल लिहितो आणि मार्गदर्शकासमोर बसतो. त्या बैठकीला मुलं ‘आयसी’ म्हणतात आणि परीक्षेपेक्षा तिलाच जास्त घाबरतात.

एक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. समजा, सातवीतली एक मुलगी वर्गात दिसेनाशी झाली. नवखा विद्यार्थी शिक्षकांना कळवतो आणि आपलं काम झालं असं मानतो. मार्गदर्शक विचारतात : आजी घरी आहे का? तिच्याकडे मुलीला ठेवायला कुटुंब तयार का नाही? हंगामी वसतिगृहाची चौकशी केली का? लग्नाची बोलणी चालू असतील तर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे माहीत आहे का? 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक गावात कोणाला ठाऊक आहे? दुसऱ्या भेटीचा अहवाल वेगळाच उतरतो.

विशेषीकरण निवडताना बहुतेकांचा डोळा नोकरीवर असतो आणि त्यात गैर काही नाही. 1948च्या कारखाने कायद्यानुसार 500 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावाच लागत असे. म्हणून मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे कायम गर्दी. कुटुंब व बालकल्याण किंवा ग्रामीण विकास घेणारे संस्थांकडे वळतात. 1989पासून नगरमध्ये काम करणारी स्नेहालय किंवा पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ ही जवळची उदाहरणं. मनोरुग्णांसोबत काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू पुरत नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येत ‘मनोविकार समाजकार्यकर्ता’ म्हणवून घ्यायला त्याच विषयातली एम.फिल. लागते. बंगळुरूची ‘निम्हान्स’ त्यासाठी नावाजलेली.

टाटा संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी द्यावी लागते. घर सोडता येत नसेल तर इग्नूची दूरशिक्षणातली एमएसडब्ल्यू आहे. पण तिथेही फील्डवर्कमधून सुटका नाही, आणि नसावीही.

एक दुखणं मात्र सांगायलाच हवं. वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला परिषद आहे. सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी अशी परिषद भारतात नाही. कोणीही स्वतःला समाजसेवक म्हणवतो. संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. निधी आटला की पगारही आटतो. पालकांची काळजी काही अगदीच अनाठायी नाही.

तेव्हा प्रवेशाला जाताना इमारत आणि माहितीपुस्तिका जरूर पाहा, पण गेल्या वर्षी विद्यार्थी फील्डवर्कला कुठे कुठे गेले याची यादी मागा. त्यातल्या दोन संस्थांना स्वतः फोन करा आणि मुलं खरंच दर आठवड्याला येत होती का, ते विचारा. फी त्यानंतर भरा.