खडखड फेजरची, दुखणं तेलाचं

मागच्या व्याख्यानात आपण इंजिनाचं वंगण पाहिलं. आजचा विषय त्याला लागूनच आहे: टायमिंग चेन, तिचे गाइड आणि टेन्शनर, आणि कॅम फेजर. हे कधी बदलायचं आणि बदलताना काय सांभाळायचं? मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. आवाज फेजर करतो, पण दुखणं पुष्कळदा तेलाच्या दाबाचं असतं. नुसता वाजणारा भाग बदलला तर पैसे जातात आणि खडखड परत येते.

आधी थोडी उजळणी. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्ट दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्ट एक मारतो. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. हा मेळ चेन राखते. आता बघा, बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह म्हणजे एकाच खोलीत दोन पाळ्यांमध्ये राहणारे भाडेकरू. जागा तीच, वेळ वेगळी. चेनने दाते सोडले आणि पाळ्या चुकल्या, की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून या कामात ‘चालवून बघू’ चालत नाही.

मग फेजर कशाला? व्हॉल्व्ह नेमका कधी उघडावा याचं उत्तर वेगाप्रमाणे आणि भाराप्रमाणे बदलतं. फेजर कॅमला थोडा पुढे-मागे फिरवतो. त्याचं बाहेरचं घर चेनबरोबर फिरतं, आतला पंख्यासारखा रोटर कॅमला बोल्टने बांधलेला असतो, आणि दोघांमधल्या कप्प्यांत दाबाखाली तेल येतं. कुठल्या कप्प्यात किती, हे सोलेनॉइड ठरवतो आणि सोलेनॉइडला हुकूम इंजिनाचा संगणक देतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा एक छोटी पिन रोटरला जागेवर अडकवून ठेवते. म्हणजे तेल हेच फेजरचं बळ. दाब कमी पडला की रोटर घरावर आपटायला लागतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्ये २००४ पासून आलेलं ५.४ लिटरचं, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेलं व्ही-८ इंजिन. दोन बाजूंना दोन कॅम, दोन फेजर, दोन लांब चेन. गरम इंजिन आयडलिंगला आलं की डिझेलसारखी ठकठक, आणि थोडी रेस दिली की आवाज गायब. कारण? टेन्शनर तेलाच्या दाबावरच चेन ताणून धरतो. या टेन्शनरचं अंग प्लॅस्टिकचं आणि मागे रबरी सील. सील फाटलं की तेल तिथेच निसटतं. गरम तेल आधीच पातळ, आयडलिंगला पंपही हळू फिरतो, त्यात ही गळती. वर हेडपर्यंत पुरेसा दाब पोचतच नाही. इकडे चेन सैल पडते आणि प्लॅस्टिकचे गाइड तुटतात. त्यांचे तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडून पंपाच्या जाळीत अडकतात. मग दाब आणखी घसरतो. एक बिघाड दुसऱ्याला पोसतो तो असा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तपासणी. स्कॅनरवर पी००११ किंवा पी००१२ आला, तर कॅम अपेक्षेपेक्षा पुढे किंवा मागे राहतोय. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ जमत नाही. पण कोड रोगाचं लक्षण सांगतो, रोग नाही. तेलाची पातळी आणि ग्रेड बघा, सोलेनॉइड आणि त्याची जाळी तपासा, आणि इंजिन पूर्ण गरम करून यांत्रिक गेज लावून दाब मोजा. डॅशबोर्डच्या काट्यावर भिस्त ठेवू नका; काही गाड्यांत तो काटा ‘दाब आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो.

पुढचं कव्हर उघडायचं ठरलं, तर पूर्ण संच बदला: चेन, गाइड, टेन्शनर, फेजर, सोलेनॉइड आणि सगळी सीलं. पंप झिजला असेल तर तोही. ऑइल चेंबर उतरवून जाळी साफ करा. इथे मजुरीचा वाटा मोठा असतो. एक जुना टेन्शनर आत ठेवून वाचवलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात.

आता काम करतानाच्या नाजूक जागा. एक: चेन काढण्याआधी क्रँक मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत आणा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात. चेन सुटताच तो झटक्याने फिरू शकतो. त्यासाठीच ५.४ मध्ये काही रॉकर आधी काढतात. दोन: फेजरचा बोल्ट सोडताना कॅम त्याच्या योग्य जागी धरा, चेनच्या आधारावर जोर लावू नका. तीन: हे बोल्ट एकदाच ताणायचे असतात. नवीनच लावा, आधी टॉर्क रेंचने, मग सांगितलेल्या अंशांनी. चार: चेनच्या रंगीत कड्या दातेरी चक्रांवरच्या खुणांशी जुळवा. डावी-उजवी बाजू नीट बघा, आणि टेन्शनरची पिन सगळ्यात शेवटी काढा. क्रँकच्या चक्राला २० दाते धरले, तर एका दात्याची चूक म्हणजे १८ अंश!

यानंतर क्रँक हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्येच अडकलं तर जोर न लावता थांबा, खुणा परत तपासा. इथे पुष्कळ जण घाबरतात: दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर दिसत नाहीत. साहजिक आहे. कड्या आणि दाते यांची संख्या वेगळी असल्याने त्या बऱ्याच फेऱ्यांनी परत जुळतात. चक्रांवरच्या खुणा बघा, कड्या नव्हे. मग नवीन तेल, नवीन फिल्टर, आणि इंधन बंद ठेवून थोडा स्टार्टर मारा, म्हणजे तेल वर चढेल. त्यानंतरच इंजिन चालू करा.

तुम्ही स्वतः हे काम करणार नसाल, तरी गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारा. गरम इंजिनाचा दाब मोजला का? टेन्शनर आणि गाइड नवे घालणार का? बोल्ट नवे आहेत का? आपल्याकडच्या ‘व्हीव्हीटी’वाल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांतही फेजर तेलावरच चालतो, म्हणून हे प्रश्न तिथेही लागू आहेत. आणि तेलबदल वेळेवर, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडने करा. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त भाग तोच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.