दंड आईचा, लस बाळाची

नोव्हेंबर २०२१मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक आदेश निघाला. करोना लशीची किमान एक मात्रा घेतली असेल तरच रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळेल, असं जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांच्या प्रशासनाने जाहीर केलं. जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रवेशासाठीही हीच अट होती, आणि दौलताबादचा किल्ला त्याला अपवाद नव्हता. आदेशाला कारण होतं. लसीकरणात जिल्हा राज्यातल्या ३६ जिल्ह्यांमध्ये २६व्या क्रमांकावर होता. राज्यात ७४ टक्के पात्र लोकांनी लस घेतली होती, इथे सुमारे ५५ टक्क्यांनी.

सक्तीचा परिणाम रांगेवर लगेच दिसतो. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या, किंवा घरीच थांबलेल्या, गरोदर बाईचा प्रश्न पेट्रोलचा नव्हता. ‘बाळाला काही होणार नाही ना?’ एवढंच तिला कुणाकडून तरी नीट ऐकायचं होतं. तिच्या शंकेला आधारही होता. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं तेव्हा गरोदर आणि स्तनदा मातांना वगळलं होतं, कारण लशीच्या चाचण्यांत गरोदर बायका घेतलेल्याच नव्हत्या. स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली, गरोदर मातांना २ जुलैला. जी लस साडेपाच महिने ‘तुमच्यासाठी नाही’ होती, तीच आता ‘घेतलेली बरी’ झाली. मधल्या काळात काय बदललं, हे गावात फारसं कुणी समजावून सांगितलं नाही.

बदललं होतं ते आजाराचं रूप. मुंबईची राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्था आणि नायर रुग्णालय करोना झालेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांची नोंद ठेवत होते. पहिल्या लाटेत त्यांच्यातल्या १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणं होती, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं होतं. एका बाजूला लशीचा अंदाजाने धरलेला धोका आणि दुसऱ्या बाजूला आजाराचा मोजलेला धोका, असा तो हिशेब होता. गरोदरपणातली कुठलीही लस घ्यावी की नाही हे ठरवताना हाच हिशेब करावा लागतो. आज गरोदर मातांच्या नेहमीच्या सरकारी वेळापत्रकात करोनाची लस नाही. बाकीच्या लशींबाबत मात्र प्रश्न तसाच विचारला जातो, आणि त्यांची उत्तरं पुष्कळ जास्त पक्की आहेत.

बाळासाठी बांधलेली शिदोरी

जन्मलेल्या बाळाला घटसर, डांग्या खोकला आणि धनुर्वाताविरुद्धची पहिली लस मिळते ती दीड महिन्याचं झाल्यावर, पेंटाव्हॅलंटच्या रूपात. दुसरी अडीच महिन्यांनी, तिसरी साडेतीन महिन्यांनी. तोवरच्या काळात बाळाकडे आईकडून आलेली प्रतिपिंडंच असतात. ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, पण खरा वेग येतो शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात काही प्रतिपिंडं आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त असू शकतात. आईला लस टोचली की तिच्या शरीरात ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे ही शिदोरी बाळंतपणाच्या आदल्या दिवशी बांधून चालत नाही. त्यामुळे ‘लस घ्यायची का’ या प्रश्नाला ‘कितव्या आठवड्यात’ हा प्रश्न कायम चिकटलेला असतो.

अंगावरच्या दुधातूनही बाळाला संरक्षण मिळतं, पण ते मुख्यतः आतडी आणि घसा इथलं. धनुर्वाताचं विष अडवायला ते पुरत नाही.

धनुर्वात गेला, जंतू राहिला

आपल्याकडे अजूनही बायका ‘टीटीचं इंजेक्शन’ म्हणतात. २०१९पासून त्या जागी ‘टीडी’ दिली जाते, म्हणजे धनुर्वात अधिक घटसर. घटसराचं लहानपणी मिळालेलं संरक्षण वयाबरोबर विरत जातं, म्हणून ही भर. वेळापत्रक सोपं आहे. गरोदरपणाची नोंद होताच पहिली मात्रा, चार आठवड्यांनी दुसरी. आधीच्या बाळंतपणात दोन्ही मात्रा झाल्या असतील आणि त्याला तीन वर्षं उलटलेली नसतील, तर एकच बूस्टर पुरतो. शक्यतो ३६ आठवड्यांच्या आत हे सगळं उरकावं. उशीर झाला म्हणून मात्रा सोडून मात्र देत नाहीत.

या सुईमागचा इतिहास आजच्या पिढीच्या डोळ्यांसमोर नाही. धनुर्वात झालेलं बाळ जन्मतः ठणठणीत असतं, रडतं, दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसानंतर, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, नुसत्या स्पर्शाने अंग ताठ होतं. पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानणाऱ्या समाजात या दिवसांतला मृत्यू नशिबाच्या खाती जाणं सोपं होतं. खरं कारण विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापलेल्या नाळेत आणि तिच्यावर लावलेल्या राखेत, शेणात असायचं. १९८८मध्ये जगभरात अंदाजे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली. १९९०च्या आसपास एकट्या भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख बाळांना हा आजार होत असावा, असा अंदाज होता, आणि उपचार न मिळालेली बहुतेक बाळं वाचत नसत.

लस आईला देऊन बाळ वाचवता येतं, हे १९६०च्या दशकातच न्यू गिनी आणि कोलंबियातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं होतं. कोलंबियात दोन किंवा तीन मात्रा घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये धनुर्वाताचा एकही मृत्यू झाला नाही. भारतात लस, सुरक्षित बाळंतपण आणि स्वच्छ नाळ या तिन्ही गोष्टी हळूहळू जुळत गेल्या आणि २०१५मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं.

‘मग आता सुई कशाला? बाळंतपण तर दवाखान्यातच होणार.’ हा प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं आढळलं. पण इथे निर्मूलनाचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला आजार, एवढाच आहे. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. शिवाय हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे शेजारणीने घेतलेल्या लशीचा तुमच्या बाळाला काही उपयोग नाही. देवी गेल्या आणि लस बंद झाली, तसं इथे होणार नाही. दौलताबादच्या शिवारात सीताफळाच्या बागेत राबणाऱ्या, जनावरांचं शेण काढणाऱ्या बाईला स्वतःसाठीही ही लस लागते. दवाखान्याच्या वाटेवर रुग्णवाहिकेतच बाळंतपण झालं, तर बाळासाठीही.

म्हणून टीडीबाबत निर्णयाला फारशी जागाच नाही. मागच्या मात्रेला अंगावर तीव्र रिअॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. सध्या जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं. बाकी दंड दुखणं, थोडी सूज, एखाद दिवस कणकण, इतपत त्रास धरून चालायचा.

विचार करावा लागतो त्या लशी

सरकारी टीडीत डांग्या खोकल्याची लस नसते, आणि हा खोकला पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाला सर्वांत घातक असतो. इतक्या लहान बाळाला ढास लागण्याऐवजी कधी कधी श्वासच थांबतो. इंग्लंडमध्ये २०१२च्या साथीत १४ तान्ही बाळं गेली. तेव्हा तिथे गरोदर स्त्रियांना ही लस देणं सुरू झालं, आणि आईने वेळेवर लस घेतली असेल तर पहिल्या तीन महिन्यांत बाळाला सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं, असं पुढे आढळलं. भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ‘फॉग्सी’ २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ‘टीडॅप’, म्हणजे टीडी अधिक डांग्या खोकल्याची लस, घेण्याचा सल्ला देते. ती टीडीच्या दुसऱ्या मात्रेच्या जागी घेता येते. प्रत्येक गरोदरपणात ती नव्याने घ्यावी लागते, कारण प्रतिपिंडं उतरत जातात. ही लस सरकारी वेळापत्रकात नसल्याने ती खासगीत विकत घ्यावी लागते.

दुसरी लस फ्लूची. गरोदरपणात फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते, हृदयावर भार वाढतो, प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो. त्यामुळे साधा वाटणारा फ्लू गंभीर वळण घेऊ शकतो. २००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि पुढच्या साथींमध्ये गरोदर स्त्रिया जास्त जोखमीच्या गटात असल्याचं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्ये फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वोच्च प्राधान्य द्यायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१५मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांसह जोखमीच्या गटांना ही लस मोफत आणि ऐच्छिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली. म्हणून पैसे मोजण्याआधी सरकारी दवाखान्यात ‘फ्लूची लस आहे का’ हे विचारायला हवं. फॉग्सीच्या मते ती २६ आठवड्यांनंतर घ्यावी, साथ असेल तर आधीही. टोचायची लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून शेवटचे महिने त्या काळात येणार असतील तर ती जास्त मोलाची.

या दोन लशींबाबत ‘परवडतं का, साथ आहे का, घरात खोकणारं कोण आहे’ असा विचार करून ठरवणं योग्य आहे. ज्यांना टीडॅप परवडत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. बाळाजवळ येणाऱ्या मोठ्या माणसांना खोकला असेल तर त्यांना दूर ठेवावं, आणि दीड महिन्याची लस एकही दिवस पुढे ढकलू नये.

आता नकोत, आधी हव्यात

गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लशी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या असतात, म्हणून गरोदरपणात त्या देत नाहीत. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा होऊ शकते. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१मध्ये हे लक्षात आलं, ते जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक तपासायला येऊ लागली तेव्हा. त्यामुळे ही लस लग्नाआधी किंवा गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी घ्यायची. दिवस राहिल्याचं कळायच्या आत चुकून घेतली गेली, तर तेवढ्यावरून गर्भपात करू नये, हेही तितकंच पक्कं आहे.

उलट एक लस गरोदरपणातही थांबत नाही, ती रेबीजची. दौलताबाद किल्ल्याच्या परिसरात वानरं आहेत, गावात भटकी कुत्री आहेत. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘पोटुशी आहे, नंतर बघू’ म्हणणं इथे जिवावर बेतू शकतं.

शंका, सासूबाई आणि कार्ड

सगळ्यात मोठी भीती गर्भ पडण्याची. लक्षात आलेल्या दर दहा गर्भधारणांपैकी एक ते दोन कुठलीही लस न घेता पहिल्या काही महिन्यांत संपतात. अशा गर्भपाताआधीच्या आठवड्यात कुणी लस घेतलेली असते, कुणी पपई खाल्लेली असते, कुणी जिना चढलेली असते. त्यातली सुई लोकांच्या लक्षात राहते. लशीमुळे गर्भपात वाढतो का, हे कळायला लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या हजारो बायकांची तुलना करावी लागते. धनुर्वात, फ्लू आणि टीडॅप या लशींबाबत ती झाली आहे आणि धोका वाढल्याचं दिसलेलं नाही.

काही गोंधळ नावांचाही असतो. रक्तगट निगेटिव्ह असल्यास दिलं जाणारं अँटी-डी, रक्त वाढवायचं लोहाचं सलाइन, दिवस भरण्याआधी बाळंतपण होईल असं वाटल्यास दिलेलं स्टेरॉइड, या लशी नव्हेत. घरी सगळ्यांची नोंद ‘इंजेक्शन दिलं’ अशी एकच होते. म्हणून कुठली सुई, कशासाठी, हे त्याच वेळी विचारून घ्यावं आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावं.

कारण मात्रा चुकते ती बहुधा नकारामुळे नाही, तर प्रवासामुळे. पहिली मात्रा सासरच्या आशाताईंच्या पाठपुराव्यामुळे मिळालेली असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, लेक माहेरी जाते आणि कार्ड कपाटात राहतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर गरोदरपणाचे पाच-सहा महिने फडावर जातात. कार्ड सोबत असेल तर कुठल्याही गावच्या आरोग्य केंद्रात पुढची मात्रा मोफत मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. डॉक्टरांना निवांत प्रश्न विचारायला तो दिवस चांगला. सोबत नवरा किंवा सासूबाई असतील तर आणखी चांगलं, म्हणजे घरी जाऊन तेच उत्तर पुन्हा पटवत बसावं लागत नाही.

तिथे विचारायचे प्रश्न थोडके आहेत. मला आज कितवा आठवडा आहे? माझी टीडीची कुठली मात्रा बाकी आहे? टीडॅप आणि फ्लू माझ्या बाबतीत घ्यावेत का, आणि कधी? आधीच्या कुठल्या आजारामुळे किंवा अॅलर्जीमुळे काही टाळायचं आहे का? डॉक्टरांनी चिडून नव्हे तर समजावून सांगावं, हा प्रत्येक बाईचा हक्क आहे, आणि ऐकून घेतल्यावर एखादी ऐच्छिक लस नको म्हणणं हाही. फक्त हे प्रश्न सहाव्या महिन्याच्या आत विचारावेत. शंका मनातच ठेवून नववा महिना गाठला, तर निर्णय आपल्या हातात उरत नाही, तो कॅलेंडरने घेतलेला असतो.