गडचिरोली-चंद्रपूरचा मतदार कोण?

मतदारयादीत नाव, वय, लिंग नि पत्ता असतो, जात-जमात नसते. म्हणून मतदारांची सामाजिक घडण जनगणनेवरूनच ताडावी लागते, आणि जनगणनेत अठरा वर्षांखालची मुलेही धरलेली असतात.

२०११च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२. त्यात अनुसूचित जमाती सुमारे ३८.७ टक्के, अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या आसपास. उरलेले जवळपास निम्मे लोक इतर. चंद्रपुरात जमातींचे प्रमाण साधारण १७.७ टक्के, जातींचे १५.८.

पण ‘आदिवासी’ म्हणजे एकच समाज नव्हे. गोंड सर्वत्र, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, उत्तरेकडे हलबा आणि कंवर, राजुरा-जिवती भागात कोलाम. माडिया आणि कोलाम हे केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत. सिरोंच्यात तेलुगू बोलणारे बरेच. मुलचेरा-चामोर्शीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे. त्यांतले नमःशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्रात मात्र नाहीत. हा फरक चमत्कारिकच म्हणायचा.

कुणबी, तेली, माळी अशा ओबीसी समाजांची जातवार मोजणी २०११च्या मुख्य जनगणनेत झालीच नाही, त्यामुळे निवडणुकीच्या काळात फिरणारे त्यांचे आकडे अंदाजच समजावेत.

आरक्षण २००१च्या जनगणनेवर बेतलेल्या २००८च्या पुनर्रचनेतून ठरले. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ जमातींसाठी राखीव आहेत. गडचिरोली-चिमूर लोकसभाही तशीच. चंद्रपूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवारी राखीव असली, तरी मत मात्र यादीतला प्रत्येक जण देतो.