उन्हाचा भाव

पोर्तुगालमध्ये राहायला महिन्याला किती पैसे लागतात, याचं सरकारी उत्तर त्या देशाच्या व्हिसा-नियमांतच आहे, आणि ते किमान वेतनाच्या पटीत मांडलेलं आहे. पेन्शन, घरभाडं किंवा व्याजावर जगणाऱ्या परदेशी माणसाला ‘डी-7’ व्हिसा हवा असेल, तर त्याचं मासिक उत्पन्न निदान एका किमान वेतनाइतकं असावं लागतं. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करत पोर्तुगालमध्ये राहू पाहणाऱ्यांसाठी ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस वेगळा व्हिसा आला, त्याला चौपट. 2024 साली किमान वेतन 820 युरो होतं, म्हणजे चौपट झाले 3,280 युरो. आपल्या हिशेबाने महिना तीन लाखांच्या आतबाहेर. त्याच वर्षी लिस्बन शहरातल्या नव्या भाडेकरारांचा मध्यम दर चौरस मीटरला 16 युरोंच्या आसपास होता. पन्नास चौरस मीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या बेताच्या वन बीएचकेएवढं घर घेतलं, तर भाडं 800 युरो. लॅपटॉपवाल्याच्या किमान पात्रतेचा हा चौथा हिस्सा. किमान वेतनावरच्या माणसाच्या हातात सामाजिक सुरक्षेचे 11 टक्के कापून 730 युरो पडत होते. तिकडे वर्षाला चौदा पगार मिळतात, ते बारा महिन्यांवर पसरले तर 850. भाडं भरून उरले पन्नास.

युरोपातले ऊनवाले देश ‘स्वस्त’ म्हणून मिरवले जातात, त्यात पोर्तुगालचं नाव गेली दहा-पंधरा वर्षं अग्रभागी आहे. बाजारातल्या टोमॅटोच्या आणि कॉफीच्या भावांचे तक्ते सगळीकडे मिळतात, त्यामुळे ते इथे पुन्हा मांडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वस्ताई देशाच्या हवेत नसते. तिथली कमाई आणि बाहेरून आणलेली कमाई यांच्यातल्या अंतरावर ती उभी असते. पोर्तुगालच्या बाबतीत लक्ष द्यावं अशी गोष्ट ही, की हे अंतर आपोआप पडलेलं नाही. सरकारने कायदे करून, स्वतःच्या तिजोरीला खार लावून ते रुंदावलं, आणि त्याचं बिल भलत्यांच्याच नावावर फाडलं.

सुरुवात सप्टेंबर 2009 च्या एका अध्यादेशापासून होते. त्या अध्यादेशाने ‘अनियमित रहिवासी’ असा करदात्यांचा नवा वर्ग निर्माण केला. आधीची पाच वर्षं पोर्तुगालचा करदाता नसलेला माणूस तिथे राहायला आला, तर त्याला दहा वर्षं सवलत: ‘उच्च मूल्याच्या’ व्यवसायातल्या स्थानिक कमाईवर सरसकट 20 टक्के कर आणि परदेशातल्या बऱ्याचशा उत्पन्नावर शून्य. हे व्यवसाय कोणते, याची यादी जानेवारी 2010 मध्ये निघाली आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. आर्किटेक्ट, इंजिनिअर, डॉक्टर, दंतवैद्य, प्राध्यापक, लेखापरीक्षक यांच्या जोडीला चित्रकार, शिल्पकार, गायक आणि नाट्य-चित्रपट कलावंतही तीत आहेत. गवंडी, आचारी, वृद्धांची सेवा करणारी बाई, शेतावर फळं तोडणारा मजूर नाहीत. देशाला खरी गरज कोणाची होती, हे पुढच्या दशकाने दाखवलं. यादीने मात्र देशाला कोण हवंहवंसं वाटत होतं एवढंच सांगितलं. एकाच कचेरीत शेजारीशेजारी बसणाऱ्या दोन इंजिनिअरांपैकी परदेशातून आलेला 20 टक्के भरणार आणि तिथेच शिकला-वाढलेला पगाराच्या वरच्या टप्प्यांवर चाळिशीच्या पुढचे दर भरणार, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेतलं सर्वांत रंजक भांडण पेन्शनवरून झालं. देशादेशांतले करार एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून केलेले असतात. अशा बहुतेक करारांत खासगी पेन्शनवर कर लावण्याचा हक्क माणूस जिथे राहतो त्या देशाकडे असतो. मायदेशाने त्यामुळे हात आखडता घ्यायचा आणि पोर्तुगालने ‘परदेशी उत्पन्न’ म्हणून सूट द्यायची, असा मेळ बसला. दोनदा कर टाळण्याच्या कराराने एकदाही कर न भरण्याची सोय करून दिली. 2012 मध्ये कर खात्याने परिपत्रक काढून सवलतीचा अर्थ स्पष्ट केल्यावर सल्लागारांचा धंदा जोरात सुरू झाला. फिनलंडच्या डोळ्यांत हे खुपलं. ज्यांना आयुष्यभर फिनलंडने शिकवलं आणि आजारपणात सांभाळलं, ते बडे निवृत्त संचालक अल्गार्वच्या किनाऱ्यावर जाऊन पेन्शनवर दमडीही भरत नव्हते. फिनलंडने 2016 मध्ये नवा करार केला, स्वतःच्या संसदेकडून संमत करून घेतला आणि वाट पाहिली. लिस्बनकडून मंजुरीचा कागद हलेना. शेवटी फिनलंडने जुना करारच मोडीत काढला. 2019 च्या पहिल्या दिवसापासून तो संपला. पोर्तुगालने 2020 च्या अर्थसंकल्पात नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर 10 टक्के कर लावला, आधी आलेल्यांची सूट मात्र शाबूत ठेवली. स्वीडनचं तेवढ्याने समाधान झालं नाही. 2022 पासून त्यानेही करार संपवला. युरोपीय संघातल्या दोन सभ्य, सहसा आवाज न चढवणाऱ्या देशांनी तिसऱ्याशी करार तोडावा, ही साधी गोष्ट नव्हे. एका देशाचं स्वस्त ऊन दुसऱ्या देशाच्या खजिन्यातून येत होतं, आणि हे त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं.

याच काळात मालमत्तेचं दार उघडलं गेलं. 2011 मध्ये 78 अब्ज युरोंचं कर्ज घेऊन देश धनकोंच्या देखरेखीखाली आला होता. 2012 च्या भाडेकायद्याने जुने करार मोकळे करायला सुरुवात केली, त्याच वर्षी पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्याला निवासाचा परवाना देणारा ‘गोल्डन व्हिसा’ आला, 2014 मध्ये पर्यटकांना घरं भाड्याने देण्याची पद्धत सोपी झाली. गोल्डन व्हिसाच्या नियमांत दहा रोजगार निर्माण करून परवाना मिळवण्याचीही वाट होती. 2023 पर्यंत बारा हजारांवर गुंतवणूकदारांना परवाने मिळाले. त्यांत रोजगाराच्या वाटेने आलेले दोन-तीन डझनांच्या पलीकडे गेले नाहीत. बाकी बहुतेकांनी घरंच घेतली. 2015 ते 2024 या काळात पोर्तुगालमधल्या घरांच्या किमती दुपटीच्या वर गेल्या.

यावर एक आक्षेप दमदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परदेशी पैसा आला नसता तर लिस्बन कोसळलंच असतं, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत 1948 मध्ये लिस्बन आणि पोर्तू इथली भाडी गोठवली गेली. 1974 च्या क्रांतीनंतर गोठवणूक देशभर पसरली आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. मुंबईतल्या पागडीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको: भाड्यात रंगाचा डबाही येत नाही, मग मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू घर सोडत नाही. 2010 च्या सुमाराला लिस्बनच्या जुन्या वस्त्यांत फरशा निखळलेल्या, छप्पर खचलेल्या इमारती ठायीठायी उभ्या होत्या. त्या सावरल्या त्यात परदेशी पैशाचा वाटा निर्विवाद आहे. दुसरा आक्षेप असा की किमती वाढल्या त्या घरं बांधली गेली नाहीत म्हणून. तोही खरा. 2002 साली देशात सव्वा लाखाच्या आसपास नवी घरं पुरी झाली होती. 2015 च्या सुमाराला हा आकडा सात हजारांवर आला. सार्वजनिक मालकीची घरं एकूण घरांच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण हे दोन्ही आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतात. घरांची आवक आटलेली असताना आणि गरिबांसाठी सरकारी आसरा जवळजवळ नसताना, सरकारने जास्त ऐपतीच्या गिऱ्हाइकांना करसवलत देऊन बाजारात बोलावलं. दुरुस्तीला अनुदान देता आलं असतं. इथे अनुदान खरेदीदाराला दिलं गेलं.

तक्त्यांत न येणारा आणखी एक खर्च उन्हाचाच आहे. लिस्बनला वर्षाकाठी सुमारे 2,800 तास ऊन मिळतं, आणि तरी हिवाळ्यात घर पुरेसं उबदार ठेवता येत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण युरोपीय संघात ज्या देशांत सर्वाधिक, त्यांत पोर्तुगाल आहे: 2023 मध्ये पाचांत एक. कारण बांधकामात आहे. उष्णता राखण्याचे पहिले नियम 1990 चे. त्याआधीच्या घरांत खिडकीला एकेरी काच, पायाखाली गार फरशी, भिंतीत भरणी नाही. जानेवारीत बाहेर उन्हात बसावंसं वाटतं, आत कपाटामागे बुरशी धरते आणि चाकांच्या शेगडीत गॅसची टाकी बसवून ती या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यावी लागते. परदेशातून आलेला दुहेरी काचा बसवून घेतो. स्थानिक निवृत्त माणूस स्वेटरवर स्वेटर चढवतो.

आता दुसऱ्या जातीचे परदेशी. दक्षिणेच्या आलेंतेझु प्रांतात ओदेमिरा नावाचा तालुका आहे. मिरा नदीवरच्या धरणाचं पाणी आणि सौम्य हवा यांच्या जोरावर तिथे प्लास्टिकखाली रासबेरी पिकते आणि उत्तर युरोपात जाते. तोडणीला नेपाळ, पंजाब, बांगलादेश इथले मजूर. त्यांची ‘राहणीमानाची किंमत’ कोणी तक्त्यात मांडली नव्हती. 2021 च्या एप्रिलअखेरीस करोनामुळे तिथल्या दोन गावांची नाकेबंदी झाली तेव्हा ती उघडी पडली. एकेका घरात गादीगणिक भाडं देऊन दाटीवाटीने माणसं राहत होती. 2019 मध्ये सरकारनेच शेतांवर कंटेनरसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यांना परवानगी दिलेली होती. विलगीकरणासाठी जागा हवी म्हणून सरकारने जवळचं झ्मार नावाचं पर्यावरणस्नेही सुट्टी-संकुल ताब्यात घेतलं. तिथल्या लाकडी बंगल्यांचे खासगी मालक फाटकाशी उभे राहिले आणि न्यायालयात गेले. मे महिन्याच्या सुरुवातीला एका पहाटे पोलीसदलाने फाटक उघडायला लावून काही मजुरांना आत नेलं. काही दिवसांत त्यांना बाहेरही काढण्यात आलं. मालकांचा हक्क कायद्याने खरा होता, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मजुरांकडे मात्र ज्यासाठी न्यायालयात जावं असं घरच नव्हतं. या दोन जातींचा ताळेबंद सरकारी आकड्यांतच आहे. 2022 साली ‘अनियमित रहिवाशां’ना दिलेल्या सवलतीत तिजोरीने एक अब्ज युरोंहून जास्त कर सोडला. 2023 साली परदेशी नागरिकांनी सामाजिक सुरक्षा निधीत सुमारे 2.7 अब्ज युरो भरले आणि लाभ घेतला तो अर्ध्या अब्जाच्याही आत. निधीत भरणारे हे लोक प्रामुख्याने पोर्तुगालमध्येच पगार कमावणारे आहेत.

गोव्याचं उदाहरण या युक्तिवादाचा सर्वांत चोख पुरावा आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्यांना डी-7 नको, चौपट उत्पन्नाचा दाखला नको, पाच लाख युरो नकोत. ऊन इतकं ‘स्वस्त’ असतं, तर हे लोक लिस्बनला राहिले असते. बहुसंख्य पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेले. त्या ढगाळ, महागड्या देशातल्या स्विंडनसारख्या गावात गोवेकरांची मोठी वस्ती उभी राहिली, कारण गोदामातला पगार तिथे भाडं भरून उरत होता. ब्रेक्झिटनंतर ती वाट बंद झाली. मडगावच्या किंवा म्हापशाच्या ज्या कुटुंबांनी हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन मांडला, त्यांना राहणीमान-निर्देशांक छापणाऱ्यांपेक्षा अर्थशास्त्र जास्त कळत होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा अंकही एका गोवेकर वंशाच्या माणसाच्या हातून घडला. अंतोनियु कॉस्ता यांचे वडील, लेखक ओर्लांदु द कॉस्ता, मडगावच्या घराण्यातले. कॉस्ता 2007 ते 2015 लिस्बनचे महापौर होते, म्हणजे शहर जगाला विकलं जात असताना त्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. पुढे आठ वर्षं ते पंतप्रधान होते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी गोल्डन व्हिसातून घरखरेदी वगळली आणि ‘अनियमित रहिवाशां’ची करसवलत चालू ठेवणं म्हणजे अन्याय लांबवणं आहे, घरबाजार फुगवणं आहे, असं सांगून नव्या लोकांसाठी ती बंद करण्याची घोषणा केली. निदान बरोबर होतं, आठ वर्षं उशिरा झालं. आणि 2024 पासून संशोधन व नवोन्मेषाच्या नावाने नवी सवलत आलीच: पेन्शन वगळली, 20 टक्के आणि दहा वर्षं कायम. तिचे समर्थक म्हणतात, हुशार माणसं खेचायला हे करावंच लागतं. स्पेन, इटली, ग्रीस करतात. करतात हे खरं, आणि म्हणूनच ही शर्यत कोणालाच जिंकता येत नाही. प्रत्येक देश शेजाऱ्याच्या करदात्याला फितवतो आणि आपल्या तरुणांना परदेशी पाठवतो. देखरेखीच्या वर्षांत पोर्तुगालमधून दर साल लाखावर माणसं बाहेर गेली, त्यांत शिकलेले थोडे नव्हते. सवलत द्यायचीच तर तिची किंमत दरवर्षी जाहीर व्हावी आणि तेवढेच पैसे भाड्याच्या सार्वजनिक घरांत घातले जावेत, एवढी अट घालायला कोणाची हरकत नसावी. पुण्या-मुंबईहून तिकडे निघणाऱ्यांनीही भावांचे तक्ते चाळण्याआधी पगार कोणत्या देशातून येणार हे ठरवावं. तो पोर्तुगालमधूनच येणार असेल, तर पोर्तुगाल स्वस्त नाही.