वाहनातील ध्वनियंत्रणा : स्पीकरइतकीच तारही महत्त्वाची

मोटारगाडी खरेदी केल्यानंतर तिच्यात ज्या वस्तूंची भर घातली जाते, त्यांत ध्वनियंत्रणेचा क्रमांक बराच वरचा आहे. दिल्लीतील करोलबाग, बंगळुरू येथील जे. सी. रोड किंवा चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड अशा बाजारपेठांत स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर विकणारी व बसवून देणारी अनेक दुकाने आहेत. खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष प्रामुख्याने खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे असते. प्रत्यक्षात आवाजाचा दर्जा आणि गाडीत बसणाऱ्यांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी गालिच्याखाली व प्लास्टिकच्या आवरणामागे दडलेल्या तारा, फ्यूज आणि जोडण्या यांवर अवलंबून असतात. या कामातील दोष डोळ्यांना दिसत नाहीत आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक ठरतात.

खोक्यावरील आकड्याचा अर्थ

डॅशबोर्डमध्ये बसवल्या जाणाऱ्या बहुतेक स्टिरिओंवर '५० वॅट x ४' असे लिहिलेले आढळते. मोटारीची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची असते आणि इंजिन सुरू असताना तिचा दाब साधारणपणे १४ व्होल्टच्या आसपास जातो. स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम असतो. १४.४ व्होल्टचा दाब गृहीत धरला, तर स्टिरिओतील साध्या ॲम्प्लिफायरला एका स्पीकरला शुद्ध स्वरूपात जास्तीत जास्त २६ वॅट देणे शक्य होते, आणि व्यवहारात ही क्षमता २० वॅटच्या आसपास राहते. ध्वनिलहरींचे शेंडे पूर्णपणे छाटले जाऊन त्या चौकोनी होतात, तेव्हाच हा आकडा ५० वॅटपर्यंत पोहोचतो. म्हणजेच छापलेली क्षमता ही आवाज संपूर्ण विकृत झाल्यानंतरची क्षमता असते.

ग्राहकाने पाहावयाचा आकडा 'आरएमएस' या नावाने दिलेला असतो. यंत्र सातत्याने किती शक्ती देऊ शकेल, हे त्यावरून समजते. मोटारीतील ॲम्प्लिफायरची शक्ती मोजण्यासाठी अमेरिकेतील उद्योगसंघटनेने २००३ मध्ये एक मानक तयार केले. ते आता 'सीटीए-२००६' या नावाने ओळखले जाते. १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहम रोध आणि कमाल १ टक्का विकृती या अटींवर केलेले मापन त्यात ग्राह्य धरले जाते. खोक्यावर या मानकाचा उल्लेख असल्यास दोन ॲम्प्लिफायरांची तुलना विश्वासाने करता येते. केवळ 'कमाल' किंवा 'पीएमपीओ' असा शब्द असल्यास त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

स्पीकरची निवड

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या कक्षेतील ध्वनी ऐकू येतात. एकच स्पीकर ही संपूर्ण कक्षा समाधानकारकपणे सांभाळू शकत नाही. कोॲक्सिअल प्रकारात उच्च स्वरांचा छोटा ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्यभागीच बसवलेला असतो. कॉम्पोनंट प्रकारात तो वेगळा असून दाराच्या वरच्या भागात किंवा डॅशबोर्डजवळ बसवता येतो, त्यामुळे आवाज पायांजवळून न येता समोरून आल्यासारखा भासतो. कोॲक्सिअल स्पीकर बसवणे सोपे व स्वस्त असते.

स्पीकरच्या माहितीपत्रकातील 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे संवेदनशीलता, हा आकडा बहुधा दुर्लक्षित राहतो. आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढवण्यासाठी दुप्पट वीज लागते. ८९ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढाच आवाज ९२ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटमध्ये देतो. योग्य स्पीकर निवडल्यास महागड्या ॲम्प्लिफायरची गरजच कमी होते.

स्पीकर कसा बसवला आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागील बाजूस नेमकी उलट लहर निर्माण होते. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की खर्जाचे स्वर नाहीसे होतात. दाराच्या आतील पत्र्यातील मोठी छिद्रे बंद करणे, पत्र्याचा थरथराट रोखणारे आवरण चिकटवणे आणि स्पीकरची कड घट्ट बसवणे या साध्या उपायांनी बराच फरक पडतो. मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे कदापि बुजवू नयेत, अन्यथा पत्रा आतून गंजतो. डाव्या व उजव्या स्पीकरपैकी एकाच्या अधिक आणि उणे तारा उलट जोडल्या गेल्यासही खर्ज हरवतो. नवे स्पीकर पोकळ वाटत असल्यास प्रथम ही जोडणी तपासावी.

बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत

स्टिरिओसाठी मूळ जोडणीत असलेला फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो. स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज त्याहून कितीतरी अधिक असते. ५०० वॅट आरएमएस क्षमतेच्या 'डी' वर्गातील ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण आवाजात तो सुमारे ६२५ वॅट वीज घेतो. १३.८ व्होल्ट दाबाला हा प्रवाह ४५ अँपिअर होतो. तेवढ्याच क्षमतेचा, पण सुमारे ६० टक्के कार्यक्षम असलेला 'एबी' वर्गातील ॲम्प्लिफायर ६० अँपिअर मागतो. दोन्ही हेडलाइट मिळून ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात, हे लक्षात घेतल्यास या भाराची कल्पना येईल. त्यामुळे स्टिरिओच्या मागील तारेला जोड देऊन ॲम्प्लिफायर चालवणे सर्वथा अयोग्य आहे. त्यासाठी थेट बॅटरीपासून स्वतंत्र तार घ्यावी लागते.

ही तार किती जाड असावी, हे प्रवाह आणि लांबी यांवरून ठरते. बॅटरी पुढे आणि ॲम्प्लिफायर डिकीत असल्यास सुमारे ५ मीटर तार लागते. ४५ अँपिअर प्रवाहाला ८ गेजच्या, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत जवळजवळ अर्धा व्होल्ट वाया जातो आणि २० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ४ गेजच्या, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.२ व्होल्टपेक्षा कमी राहते.

बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त संचांतील तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची असते. ॲल्युमिनिअमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. दिसायला जाड असलेली ही तार प्रत्यक्षात कमी प्रवाह वाहू शकते. काही तारांचे प्लास्टिकचे आवरणच जाड ठेवलेले असते आणि आतील धातू अगदी मोजका असतो. त्यामुळे तारेचे टोक सोलून आतील धातू पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. ॲम्प्लिफायरवर त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज तारेचे, पर्यायाने गाडीचे रक्षण करतो. बॅटरीतून निघालेली तार इंजिन आणि प्रवासीकक्ष यांच्यामधील पत्र्यातून आत येते. पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटल्यास बॅटरीचा धन ध्रुव थेट गाडीच्या सांगाड्याला जोडला जातो. इंजिन सुरू करण्यासाठी शेकडो अँपिअर देणारी बॅटरी तेवढाच प्रवाह या तारेत सोडते. काही क्षणांतच तार तापून लाल होते आणि तिच्यालगतचे आवरण, गालिचा व फोम पेट घेऊ शकतो.

फ्यूज डिकीत, ॲम्प्लिफायरच्या शेजारी बसवला असेल, तर अशा प्रसंगी त्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण दोष त्याच्या आधीच्या भागात असतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, असा प्रघात आहे. त्याचे मूल्य तारेच्या क्षमतेपेक्षा अधिक असता कामा नये. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याहून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण देण्यासारखे आहे. पत्र्याच्या छिद्रात रबरी बुश बसवणे, बॉनेटखालील तारेवर उष्णतारोधक नळी चढवणे आणि तार हलत्या भागांपासून दूर बांधणे याही अत्यावश्यक बाबी आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. त्यानंतर पाना चुकून धन ध्रुव आणि पत्रा यांना एकाच वेळी टेकला, तरी परिपथ पूर्ण होत नाही. पिवळ्या रंगाचे आवरण किंवा जोडणी असलेल्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये, तसेच खांबांतील एअरबॅगच्या मार्गात नवी तार ओढू नये.

अर्थिंग आणि घरघर

विजेला परतीचा मार्गही तितकाच रुंद लागतो. ॲम्प्लिफायरची ऋण तार धन तारेइतकीच जाड व शक्य तितकी आखूड असावी. ती रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. आसनाच्या पट्ट्याचा बोल्ट यासाठी वापरू नये. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येत असेल, तर बहुधा सैल अर्थिंग हेच तिचे कारण असते. स्टिरिओकडून संकेत आणणाऱ्या आरसीए तारा विजेच्या तारेसोबत एकाच बाजूने नेल्यासही हा त्रास उद्भवतो. त्यामुळे विजेची तार गाडीच्या एका बाजूने आणि संकेताच्या तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात.

'गेन' म्हणजे आवाजाची कळ नव्हे

ॲम्प्लिफायरवरील 'गेन'ची कळ पूर्ण फिरवली की शक्ती वाढते, हा आणखी एक गैरसमज आहे. स्टिरिओकडून येणाऱ्या संकेताची पातळी आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालणे एवढेच तिचे कार्य आहे. ती प्रमाणाबाहेर वाढवल्यास लहरींचे शेंडे छाटले जातात, स्पीकरच्या वेटोळ्यात उष्णता साठते आणि ते जळते. योग्य पातळी मल्टिमीटरने ठरवता येते. स्पीकर सोडवून, स्टिरिओचा आवाज तीनचतुर्थांश ठेवून, एकसुरी चाचणीध्वनी वाजवावा. आरएमएस वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांवर तेवढा व्होल्ट दिसेपर्यंतच कळ फिरवावी. ५० वॅट व ४ ओहम यांसाठी हा आकडा सुमारे १४.१ व्होल्ट येतो. सबवूफर बसवलेला असल्यास दारातील स्पीकरना सुमारे ८० हर्ट्झखालील स्वर न देणे हितावह असते.

नव्या गाड्यांतील अडचणी

अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टिरिओ हा नकाशा, मागील कॅमेरा आणि गाडीच्या इतर नियंत्रणांशी जोडलेला असतो. तो काढून टाकणे शक्य नसते. अशा वेळी मूळ स्टिरिओ तसाच ठेवून स्पीकरच्या तारांतील संकेत घेऊ शकणारा ॲम्प्लिफायर निवडता येतो. मूळ तारा कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरावा. तारा कापल्यास हमीविषयी वाद उद्भवू शकतो. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांत नारिंगी रंगाच्या तारांमध्ये शेकडो व्होल्टचा प्राणघातक दाब असतो. ध्वनियंत्रणेचा संबंध केवळ त्या गाडीतील १२ व्होल्टच्या सहायक बॅटरीशी असावा.

इंजिन बंद ठेवून संगीत ऐकण्यालाही मर्यादा आहे. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून सरासरी १० अँपिअर घेतले, तर दोन तासांत निम्म्याहून अधिक वीज संपते आणि गाडी सुरू न होण्याची शक्यता निर्माण होते.

कायदा, विमा आणि श्रवणक्षमता

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. स्पीकर बदलल्याने हे तपशील बदलत नाहीत. मात्र ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी वाहन परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या परिसरातील शांतता क्षेत्रात संगीत वाजवणे दंडनीय आहे.

नंतर बसवलेली विद्युत उपकरणे विमा कंपनीला कळवून, अतिरिक्त हप्ता भरून विमासंरक्षणात समाविष्ट करून घेता येतात. त्यासाठी खरेदीची व जोडणीची पावती जपून ठेवावी.

श्रवणक्षमतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. एकदा गमावलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही. शिवाय काचा बंद करून मोठ्या आवाजात संगीत ऐकणाऱ्या चालकाला मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू न येण्याची शक्यता असते.

गाडी ताब्यात घेताना

काम पूर्ण झाल्यावर केवळ गाणे लावून पाहणे पुरेसे नाही. बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज आणि त्यावरील आकडा पाहावा. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी बुश आहे का, हे विचारून घ्यावे. अर्थिंगचा बोल्ट हाताने हलवून पाहावा. ॲम्प्लिफायरभोवती हवा खेळती असावी आणि सबवूफरची पेटी सांगाड्याला जखडलेली असावी, कारण जोरात ब्रेक लागल्यास सुटी पेटी आसनावर आदळू शकते. अर्धा तास यंत्रणा वाजवल्यानंतर तार आणि फ्यूजची जोडणी हाताला गरम लागत असल्यास गाडी त्याच दुकानात परत उभी करावी. या तपासणीस दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि पैसे चुकते करण्यापूर्वीच ती केलेली बरी.